मांडवीच्या पाण्यावरून

गोव्याशी ज्याचा काहीच ऋणानुबंध नाही असे घर आपल्या बेळगावच्या सभासदांत शोधूनच काढावे लागेल. कुणाचे कुलदैवत फोंडे महालात, कुणाचे आजोळ डिचोलीला, कुणाची सोयरीक म्हापशाची. वर्षातून एकदा तरी चोर्ल्याचा घाट उतरावा, देवापुढे नारळ ठेवावा, महाप्रसाद घ्यावा, वेळ उरलाच तर पणजीस जाऊन समुद्र पाहावा आणि रात्री परत यावे, हा आपल्या घरांतून चालत आलेला परिपाठ आहे. या प्रवासात मांडवी नदी वाटेत येते. पण ती पुलावरून. गाडी पुलावर चढते, उतरते, आणि दोन मिनिटांत नदी संपते.

प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच की, ही नदी पुलावरून पाहण्याची नसून पाण्यावरून पाहण्याची आहे, हे वाचकांपुढे मांडावे. गोव्यातील जुने कोट, जुनी राजधानी, चर्चे, शेते आणि आपल्या देवांची स्थलांतरे यांची तोंडे रस्त्याकडे नाहीत, नदीकडे आहेत. रस्त्याने जाणाऱ्यास त्यांची पाठ तेवढी दिसते. होडीत बसून मुखापासून वर गेले म्हणजे ही सारी स्थळे ज्या क्रमाने घडली आणि ज्या कारणाने घडली, तो क्रम व ती कारणे आपोआप उलगडू लागतात.

आपल्याच अंगणातील नदी

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. मांडवी ही गोव्याची जीवनदायिनी म्हणून ओळखली जात असली तरी तिचा उगम आपल्याच जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या अरण्यप्रदेशात, देगाव नावाच्या लहानशा गावाजवळ ती जन्म घेते. तेथे तिचे नाव म्हादई. सह्याद्री उतरून ती सत्तरी महालात येते आणि पुढे सपाटीला लागली म्हणजे मांडवी म्हणून ओळखली जाते. दूधसागरचा प्रचंड धबधबा ज्या पाण्याचा, ते पाणीही खांडेपारच्या नदीतून शेवटी हिलाच येऊन मिळते. डिचोलीकडून वाळवंटी येते, बार्देशातून म्हापशाची नदी येते. अशा रीतीने उत्तर गोव्याचे बहुतेक पाणी पोटात घेऊन मांडवी पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते.

परंतु या नदीचा खरा स्वभाव ध्यानात यावयाचा तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. खालच्या अंगास ही नदी दोन्ही दिशांनी वाहते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी मुखातून आत शिरते आणि थेट चाळीस-पन्नास किलोमीटर आत, उसगाव-गांजे परिसरापर्यंत, त्याचा परिणाम जाणवतो. ओहोटी लागली म्हणजे तेच पाणी परत फिरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाण्याची चढउतार सव्वादोन मीटरांच्या आसपास असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, ती त्या मानाने सौम्य. जुने तांडेल घड्याळ पाहत नसत, तिथी पाहत. भरतीबरोबर वर जावयाचे व ओहोटीबरोबर खाली यावयाचे, हा त्यांचा साधा हिशेब. या हिशेबावर गोव्याचा व्यापार चालला, लढाया जिंकल्या व हरल्या गेल्या, भात पिकले, आणि देवही नदीपार झाले. आपणही याच हिशेबाने, भरतीबरोबर, मुखापासून वर निघू.

नदीचे दार

मुखाशी उजव्या तीरास, म्हणजे समुद्राकडून आत शिरताना डाव्या हातास, आग्वादचा किल्ला दिसतो. तो १६१२ साली पुरा झाला. याच्या नावात पाण्यासाठी असलेला पोर्तुगीज शब्द आहे; युरोपातून आलेली जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. किल्ल्यावरचा दीपस्तंभ १८६४ सालचा. थोडे आत आले की त्याच तीरावर रेइश मागूशचा कोट लागतो. त्याचे काम १५५१ साली सुरू झाले. समोर पणजीच्या बाजूस काबोचे भूशिर आहे. इतक्या जागा तटबंदीने का अडवल्या, हे नकाशावर कळत नाही. होडीतून मात्र क्षणात कळते. आत येणारे प्रत्येक तारू तोफेच्या माऱ्यात यावे, अशीच ही रचना आहे.

पण मांडवीच्या दारास मनुष्याने बांधलेल्या किल्ल्यांहूनही बळकट असा एक अडसर आहे. तो म्हणजे मुखाशी साचणारा वाळूचा दांडा. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे या दांड्यावर लाटा फुटतात आणि गलबतांना आतबाहेर करता येत नाही. या अडसराचा अनुभव खुद्द आल्बुकर्कने घेतला. १५१० सालच्या आरंभी त्याने होनावरच्या तिमय्याच्या साहाय्याने विजापूरकरांचे गोवा शहर सहज घेतले. परंतु मे महिन्याच्या अखेरीस आदिलशाही सैन्याने ते परत जिंकले आणि आल्बुकर्क आपली माणसे घेऊन जहाजांवर चढला. तोवर पावसाळा लागला होता; दांडा बंद झाला होता. पुढे समुद्र, मागे शत्रू, आणि पणजीच्या कोटावरून तोफांचा मारा, अशा स्थितीत ऑगस्टपर्यंत ते आरमार नदीतच कोंडून पडले. अन्नावाचून खलाशांचे अतोनात हाल झाले. पाऊस ओसरताच ते निसटले, आणि नव्या बळाने येऊन २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्यांनी शहर कायमचे घेतले. पुढची साडेचारशे वर्षे, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, गोव्यावर पोर्तुगीज अंमल राहिला.

हाच दांडा पुढेही आपला अधिकार गाजवीत राहिला. विसाव्या शतकात लोहखनिजाने भरलेले बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाऊ लागले, तेव्हा पावसाळ्यात त्यांना हे दार बंदच असे. ते आतल्या आत कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत शिरून मुरगाव गाठीत. चारशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीला जे दार उघडले नाही, ते यंत्राच्या बोटीलाही उघडेना.

पणजी ते रायबंदर

आता पणजीचा धक्का येतो. धक्क्यासमोरची जुनी भव्य वास्तू म्हणजे आदिलशहाचा वाडा. विजापूरच्या अमलात नदीच्या रखवालीसाठी ती उभी राहिली, पोर्तुगिजांनी ती आपल्या सोयीने बदलून घेतली, आणि १७५९ साली व्हाइसरॉय येथे राहावयास आला. गोवामुक्तीनंतरही बरीच वर्षे राज्यकारभार याच इमारतीतून चालला. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. हा कांदोळीत १७५६ साली जन्मलेला गोमंतकीय, संमोहनविद्येच्या अभ्यासात युरोपात नाव कमावून गेला.

पणजी ही मुळात राजधानी नव्हे. ती १८४३ साली अधिकृतपणे राजधानी झाली. त्याआधीचे शहर नदीच्या वरच्या अंगास, नऊ-दहा किलोमीटरांवर होते. या दोहोंना जोडणारा पूल-रस्ता पणजी सोडताच उजव्या हातास दिसू लागतो. कोंद द लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास, दलदलीत जांभा दगडाच्या कमानी उभारून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा मार्ग बांधण्यात आला. जवळजवळ चारशे वर्षे झाली, अजून त्यावरून वाहने धावतात.

डोक्यावरचे नवे पूल मात्र निराळी कथा सांगतात. मांडवीवरचा पहिला मोठा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि पुलाच्या सवयीचे झालेले लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. त्यानंतर पूल पुन्हा उभारले गेले; २०१९ साली तारांनी तोललेला अटल सेतूही सुरू झाला. त्यांच्या सावलीत आज जुगाराच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या मोठ्या बोटी नांगरलेल्या असतात. पर्यटकांची नदी बहुधा येथेच सुरू होते आणि येथेच संपते. आपल्याला पुढे जावयाचे आहे.

चोडण आणि खाजन

रायबंदरच्या समोर चोडण बेट आहे. होडी बेटाच्या काठाने जाऊ लागली की दोन्ही बाजूंनी खारफुटीची गर्द झाडी अंगावर येते. या झाडांची श्वासमुळे चिखलातून खुंटांसारखी वर आलेली असतात. भरतीत ती बुडतात, ओहोटीत श्वास घेतात. बेटाच्या पश्चिम टोकास १९८८ साली डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले. ते लहानच, पावणेदोन चौरस किलोमीटरांहून किंचित मोठे. पण बगळे, खंड्या, आणि हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे पाहुणे पक्षी तेथे मुबलक दिसतात.

खारफुटीच्या मागे मातीचा लांबच लांब बांध दिसतो आणि बांधापलीकडे हिरवीगार शेते. नीट पाहिले तर ध्यानात येते की, शेतांची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली आहे! या जमिनीस खाजन म्हणतात, आणि ही गोमंतकाच्या पूर्वजांनी घडवलेली फार मोठी करणी आहे. तिची रीत अशी. नदीकाठाने माती, पेंढा व दगड यांचा बांध घालावयाचा; बांधात ठराविक जागी मानस ठेवावयाची. मानस म्हणजे पाणी सोडण्याची मोरी; तिला लाकडी झडप असते. भरती आली की नदीच्या पाण्याचा दाब झडपेवर पडून ती मिटते व खारे पाणी बाहेरच राहते. ओहोटीत नदीची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच झडप उघडते व शेतातले जादा पाणी बाहेर जाते. ना यंत्र, ना इंधन. चंद्राच्या ओढीने पाणी हलते आणि झडप आपोआप चालते. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन निघाला की खाऱ्या जमिनीतही तग धरणारे कोरगूट जातीचे भात होते. मानसीच्या तोंडाशी जाळे लावून मासळीही मिळते.

हा बांध एका माणसाचा नव्हे. एका जागी भगदाड पडले तर साऱ्या गावाचे शेत बुडते, म्हणून त्याची डागडुजी गावकऱ्यांच्या संघटनेकडे, म्हणजे गांवकरीकडे, असे. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून ही व्यवस्था चालत आलेली आहे. आलेल्या राज्यकर्त्यांनीही ती मोडली नाही, तिचे नाव तेवढे बदलले. समाजाने एकत्र येऊन आपला बांध आपण राखावयाचा, हे सूत्र आपल्या संस्थेसारख्या संस्थांच्या मुळाशीही आहे. म्हणून येथे मुद्दाम विस्ताराने सांगितले.

जुने गोवे

चोडण मागे टाकले की उजव्या हातास माडांच्या राईतून पांढरी शिखरे वर डोकावतात. हे जुने गोवे. येथे मुळात एळा नावाचे गाव होते. कदंबांची राजधानी गोपकपट्टण ही जुवारी नदीवर होती. ते बंदर गाळाने भरत गेले तसा व्यापार मांडवीवर सरकला आणि एळ्याचे भाग्य उघडले. १४७२ साली बहामनी वजीर महमूद गवानने गोवे घेतले, पुढे ते विजापूरकरांकडे गेले, आणि आल्बुकर्कने घेतले ते हेच शहर. एका नदीने नेलेले वैभव दुसऱ्या नदीने दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

धक्क्यावर उतरताच समोर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना १६०० च्या आसपास ती उभी राहिली. पडल्यावर १९५४ साली पुन्हा बांधली. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन या कमानीखालून शहरात प्रवेश करी. रस्त्याने येणाऱ्या यात्रेकरूस ही कमान मागच्या अंगणातील दारासारखी वाटते. नदीतून येणाऱ्यास ती राजधानीचे महाद्वार म्हणून दिसते. कमानीतून वर गेले की सेंट कायेतानच्या चर्चसमोर काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी दिसेल. ती आदिलशहाच्या मोठ्या वाड्याची उरलेली खूण.

पुढे से कॅथीड्रल आहे. १५६२ साली त्याचे काम सुरू झाले. त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला, तो पुन्हा उभारला गेला नाही. बॉम जेझूशचे चर्च १५९४ ते १६०५ या काळात झाले. त्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव ठेवलेले आहे. याच शहरातील सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. गोमंतकाच्या भूमीवरच पुढे १६१६ साली, रायतूर येथे, फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

आणि हे शहर ओसाड का पडले? महामारीने. दलदलीतून उठणारे ताप आणि पटकी यांनी वस्ती पुन्हा पुन्हा विरळ केली. समुद्रावर डचांचा जोर वाढल्याने व्यापारही आटला. व्हाइसरॉय प्रथम पाणेलीस, मग पणजीस गेला, घरे मोडून दगड खाली नेण्यात आले, आणि चर्चे तेवढी उरली. १९८६ साली युनेस्कोने या चर्चांचा व मठांचा जागतिक वारशात समावेश केला.

दिवाडी, नार्वे आणि जुवे

जुन्या गोव्याच्या समोर, फेरीबोटीच्या एका खेपेवर, दिवाडी बेट आहे. आपल्या दृष्टीने या सगळ्या प्रवासाचा गाभा येथे आहे. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर, याचे मूळ स्थान या बेटावरचे. कदंबांनी आपल्या बिरुदात व नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरला. बहामनी काळात देवळाची मोडतोड झाली, विजयनगरच्या माधवमंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभे केले. १५४० नंतर पोर्तुगिजांनी तिसवाडीतील देवळे पाडावयास घेतली, तेव्हा हे देऊळही गेले. भाविकांनी लिंग नदीपार नेले. बेटाच्या उत्तरेस नदीचा एक फाटा आहे. त्याच्या पलीकडची डिचोलीची भूमी तेव्हा पोर्तुगिजांची नव्हती. तेथे नार्वे येथे देवाची स्थापना झाली. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली, शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, या देवालयाच्या उभारणीस प्रारंभ केला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आजही आहे. जीर्णोद्धारानंतर २०२३ साली हे देऊळ पुन्हा भाविकांस खुले झाले. गोकुळाष्टमीस नार्वे येथे नदीस्नानाची जत्रा भरते.

दिवाडीहून फेरीबोटीने नार्व्यास जावे. पाण्याचा तो पट्टा पाच-दहा मिनिटांत ओलांडता येतो. पण त्या काळी त्या पट्ट्याच्या एका तीरावर देव ठेवणे अपराध होते आणि दुसऱ्या तीरावर पूजा निर्वेध होती. नदी ही सरहद्द होती, आणि होडी ही देवाची पालखी झाली.

येथून जवळच जुवे बेट आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटीचा फायदा घेऊन या बेटावरचा कोट घेतला. राजधानी समोरच्या पाण्यापलीकडे होती. दुसऱ्या दिवशी स्वतः व्हाइसरॉय कोंद द आल्वोर चालून गेला आणि मार खाऊन परतला. भयभीत होऊन त्याने झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून संरक्षणाची याचना केली, ही नोंद प्रसिद्ध आहे. भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा पोहणीस लागला व खंडो बल्लाळाने उडी घालून त्यांस सावरले, अशी कथाही याच प्रसंगाची सांगतात. शेवटी मोगल शाहजादा शहाआलम मोठी फौज घेऊन रामघाटाच्या वाटेने उतरत असल्यामुळे मराठ्यांस माघारी वळावे लागले. आपल्या घाटाने त्या दिवशी गोव्याचे भवितव्य ठरवले!

कुंभारजुव्याचा कालवा आणि सांगोड

दिवाडीच्या पूर्वेस मांडवीला जुवारीशी जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा फुटतो. यास कालवा म्हणतात खरे, पण ही भरतीच्या पाण्याची नैसर्गिक वाट आहे. याच्या निमखाऱ्या पाण्यात मगरी राहतात. सकाळच्या उन्हात चिखलावर पडलेल्या त्या सहज दिसतात. दुर्भाट, भोम या बाजूंस पौष अमावास्येस मातीची मगर करून तिची पूजा करण्याची चाल आहे. तिला मानगे थापणी म्हणतात. बांध राखणारीच ही, अशी शेतकऱ्याची भावना.

या कालव्यावर गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींस बांधून त्यावर गणपती व देखावे मांडतात आणि ते पाण्यावरून मिरवतात. ‘सांगड घालणे’ हा आपण नित्य वापरीत असलेला वाक्प्रचार ज्या वस्तूवरून आला, ती वस्तू, म्हणजे बांधलेल्या दोन होड्या, येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. परंतु हा केवळ करमणुकीचा सोहळा नव्हे. कुंभारजुव्याची शांतादुर्गा याच पाण्यावरून माशेलास नेली, त्याची ही आठवण आहे. आजही ती माशेलात कुंभारजुवेकरीण म्हणूनच पुजली जाते.

असे किती देव नदी ओलांडून गेले! चोडणचे देवकीकृष्ण मयेमार्गे माशेलास आले. दिवाडीचा महागणपती खांडोळ्यास स्थिरावला. जुवारीच्या अंगाने कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० साली प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. हे सारे अंत्रुज महालात का आले, याचे उत्तर पाण्यावर मिळते. अंत्रुज हा नदीच्या पलीकडचा आणि पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेरचा, असा सर्वांत जवळचा मुलूख होता. तो त्यांच्या ताब्यात गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. देवांच्या मागोमाग माणसेही निघाली. काही अंत्रुजात राहिली, काही कारवारकडे उतरली, काही घाट चढून बेळगाव-शहापुरास आली. आपल्यापैकी अनेकांच्या आडनावात जे गाव आहे, त्या गावात आपले कुणीच का नाही, याचे उत्तर या नदीत आहे.

आपले कर्तव्य

पण हा प्रवास केवळ गतकाळाचा नाही. खाजनाचे बांध आज ठिकठिकाणी खचत आहेत. कुळकायद्यानंतर त्यांची राखण कुळांच्या संघांकडे आली. पण शेती परवडेनाशी झाली, तरुण नोकरीस गेले, आणि भगदाड बुजवावयास हात मिळेनासे झाले. एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन काही वर्षे पिकाच्या कामाची राहत नाही.

दुसरा प्रश्न उगमाकडचा, आणि तो आपल्या दाराशी आहे. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र यांच्यात वाद आहे. लवादाने २०१८ साली गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. तिन्ही राज्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. कोणत्या राज्याची बाजू खरी, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मलप्रभेच्या काठच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे, हे आपण बेळगावकर जाणतो. परंतु भरतीच्या नदीचा एक नियम वाचकांनी ध्यानी ठेवावा. वरून येणारे गोडे पाणी हेच खाऱ्या पाण्यास खाली रेटून ठेवते. उन्हाळ्यात वरचा ओघ मंदावतो तेव्हा खार आतवर चढतो. म्हणून वर घेतलेला प्रत्येक निर्णय खाली चोडणच्या मानसीपर्यंत पोहोचतो. दोन्ही टोकांस आपली माणसे आहेत; निदान आपण तरी दोन्ही टोके पाहून बोलावे.

आता जाणाऱ्यांसाठी चार शब्द. पणजीहून संध्याकाळी सुटणाऱ्या तासाभराच्या नाचगाण्याच्या बोटीतून इतिहास दिसत नाही. दिवसा, लहान बोट ठरवून जावे. किंवा रायबंदर ते चोडण, जुने गोवे ते दिवाडी व दिवाडी ते नार्वे अशा फेरीबोटींनी टप्प्याटप्प्याने जावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. खारफुटीच्या आतल्या फाट्यांत शिरावयाचे तर भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. ओहोटीत होडी चिखलात रुतते. मगरी पाहावयाच्या तर याच्या उलट, ओहोटीची सकाळ धरावी. घरातील वडील मंडळींस अवश्य बरोबर न्यावे.

आणि महोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना. प्रत्येक घराने आपल्या कुलदैवताचे मूळ गाव, ते कोणत्या पाण्यावरून कोठे गेले, आणि आपले घराणे कोणत्या घाटाने वर आले, ही माहिती वडीलधाऱ्यांस विचारून एका कागदावर उतरवून संस्थेच्या कार्यालयात द्यावी. ज्यांना हे तोंडपाठ आहे ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पुढील महोत्सवापर्यंत थांबले तर विचारावयास कुणी उरणार नाही. खाजनाच्या बांधास भगदाड पडले तर ते त्याच ओहोटीत बुजवावे लागते. पुढच्या भरतीची वाट पाहता येत नाही. आठवणींचेही तसेच आहे.